लातूरच्या ट्यूशन एरियातले वेबसाइटवाले बहीण-भाऊ: आमच्या डाळीच्या धंद्याचा अनुभव

दुकान असो, मेस असो, रोपवाटिका असो की गृहउद्योग, तुमचं गिऱ्हाईक मोबाइलवरून येत असेल आणि वेबसाइट करून घ्यायची असेल तर लातुरात या दोघांकडे जा, हे आधीच सांगून टाकते. त्यांच्याबद्दल तक्रारी आहेत, त्या पुढं लिहिणार आहे. पण आमचं काम त्यांनी जसं केलं तसं दुसऱ्या कुणी केलं नसतं.

त्यांच्या जागेला पाटी नाही. ट्यूशन एरियात एका झेरॉक्सच्या दुकानाला लागून अरुंद जिना आहे, त्यावरची खोली. बहीण अक्षरं, रंग, मांडणी बघते आणि भाऊ कोड लिहितो. नावं त्यांना विचारल्याशिवाय देणं बरोबर नाही म्हणून देत नाही. खाली 'वेबसाइटवाले कुठं' विचारलं की कुणीही जिन्याकडे बोट दाखवतं.

आमचा धंदा बिगर पॉलिश तूरडाळीचा. सासरची शेती निलंग्याकडे आहे. तूर घरची आणि शेजारपाजारच्या शेतकऱ्यांची, ती छोट्या मिलमधून भरडून घेतो आणि पिशव्या भरतो. निम्मं गिऱ्हाईक लातुरातल्या मेसचं. इथं शिकायला येणाऱ्या पोरांच्या रोजच्या वरणाला डाळ किती लागते हे लातूरकरांना सांगायला नको. दुसरं निम्मं म्हणजे नोकरीला पुण्यात गेलेली आपल्याकडची कुटुंबं. त्यांचं पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातं आणि सकाळी हडपसरला नाहीतर स्वारगेटला ते उतरवून घेतात. या दोन्ही गिऱ्हाइकांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे सगळं फोनवर.

पहिली वेबसाइट एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं केली होती. नाव लिहीत नाही. लॅपटॉपवर दाखवली तेव्हा घरातले सगळे खूश झाले. वर सरकणारे मोठे फोटो, मागं शेताचा व्हिडिओ, खाली जाल तसा एकेक चौकोन तरंगत वर यायचा. पण आमच्या गिऱ्हाइकात लॅपटॉप उघडून डाळ मागवणारं कोण आहे? निलंग्याच्या एसटीत बसलेल्या माणसाला तो व्हिडिओ उतरेपर्यंत गाव येतं. 'ताई, नुसतं गोल गोल फिरायलंय, उघडंना' असे फोन यायचे. उघडलं तरी आमचा नंबर सापडायचा नाही. कोपऱ्यात तीन आडव्या रेघा, त्या दाबायच्या, मग 'संपर्क', मग फॉर्म, त्यात नाव, ईमेल, विषय, मजकूर. आमच्या आत्याबाईंच्या वयाच्या बाईला डाळीसाठी ईमेल कशाला विचारायचा? आणि खालून एक गोल फुगा इंग्रजीतून 'मदत हवी का' म्हणत यायचा तो नेमका डाळीच्या भावाच्या आकड्यावर बसायचा.

त्या तीन रेघांचं चिन्ह नॉर्म कॉक्स नावाच्या डिझायनरनं १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' संगणकासाठी काढलं होतं, हे मला ट्यूशन एरियातल्या या बहिणीनं सांगितलं. चाळीस वर्षं होऊन गेली, तरी त्या रेघांच्या आत काहीतरी आहे हे माझ्या अर्ध्या गिऱ्हाइकांना आजही माहीत नाही. आमच्या नव्या पानावर त्या रेघा नाहीतच. चार गोष्टी आहेत, चारही डोळ्यांसमोर.

पण मला सगळ्यात जास्त बोचलं होतं ते अक्षर. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं मी डीटीपीचं काम केलंय. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, निवडणुकीची पत्रकं. नवरीच्या नावातली रेघ तुटली तर पत्रिकांचा गठ्ठा परत यायचा. आणि त्या कंपनीच्या पानावर भल्या मोठ्या टायपात 'अस्सल तूरडाळ' लिहिलेलं, शिरोरेषा जागोजागी तुटलेली. 'अ' मग फट, 'स्स' मग फट, 'ल' एकटा उभा. कारण साधं आहे. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमध्ये जरा मोकळी जागा सोडली की ती देखणी दिसतात, म्हणून तो आकडा तयार साच्यातच भरलेला असतो. तोच देवनागरीला लागला की प्रत्येक अक्षराची रेघ सुटी पडते. कंपनीला कळवलं तर 'सध्या हीच स्टाइल चालते' एवढंच उत्तर आलं.

ट्यूशन एरियातल्या या पोरीच्या हातात मी फोन दिला आणि तिचं पहिलं वाक्य होतं, 'काकू, रेघ तुटलीय की.' मी तिथंच ठरवलं काम हिलाच द्यायचं.

तिनं अक्षरांचं जे केलं ते जरा सविस्तर सांगते, कारण वेबसाइटवाले याबद्दल बोलतच नाहीत आणि आपणही विचारत नाही. अक्षरांमधली जास्तीची जागा शून्य केली. दोन ओळींमधलं अंतर वाढवलं. इंग्रजीच्या हिशेबानं ओळी ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, 'पूर्ण' शब्दाखाली 'किती' आला की बघा काय होतं. मग पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे अशी नोंद केली. काही फॉन्टांमध्ये 'ल' आणि 'श' यांची दोन-दोन रूपं असतात, एक हिंदीत चालणारं आणि एक आपलं, पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श'. भाषा मराठी नोंदवली की आपलं रूप उमटतं. जुन्या पानावर ती नोंद इंग्रजी अशीच राहून गेली होती. आणि 'शेतकऱ्यांकडून' मधला 'ऱ्य'! आधीच्या फॉन्टमध्ये तिथं रफार चढून 'शेतकर्यांकडून' झालं होतं. शेतकऱ्याचा माल विकणाऱ्या पानावर शेतकरीच धड लिहिलेला नसावा याचा मला फार त्रास व्हायचा. आता तो नीट आहे.

शीर्षकांना मुक्त हा फॉन्ट वापरलाय. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेला, फुकट मिळतो. बाकी मजकुराला फोनमध्ये आधीच असलेला फॉन्ट. ॲन्ड्रॉइडमध्ये देवनागरीसाठी नोटो असतोच, मग दुसरा कशाला उतरवायचा? जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड होते. एक फॉन्ट कमी झाला की पान तेवढं लवकर उघडतं.

त्यांच्या टेबलाच्या खणात जुने फोन आहेत. काच तडकलेले, बॅटरी फुगलेले म्हणून बदललेले, दुरुस्तीच्या दुकानांतून जमवलेले. कुठलंही पान तयार झालं की भाऊ आधी त्यातल्या एकावर उघडतो, तेही वेग मुद्दाम पाडून. मी बाजूला बसून बघितलंय. त्यानं आमचं जुनं पान लावलं आणि पांढरा पडदा दिसत राहिला, मग अर्धा फोटो, मग अर्धा व्हिडिओचा चौकोन. मग नवं लावलं. आधी नाव आलं, त्याखाली आजचा भाव, त्याखाली नंबर. फोटो सगळ्यात शेवटी सावकाश आले. तो म्हणाला, 'काकू, फोटो नाही आले तरी माणूस ऑर्डर देऊ शकतो, भाव नाही आला तर नाही देऊ शकत.'

यामागं आमच्या धंद्याचंच कारण आहे. मेसवाले रात्रीची जेवणं उरकली, भांडी घासून झाली की मग उद्याचं बघतात. तोवर अकरा वाजलेले असतात आणि त्यांचा दिवसाचा डेटा संपलेला असतो. तो संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. एवढ्या वेगात एक साधा मोबाइलचा फोटो उतरायला काही मिनिटं जातात, पण नुसता मजकूर दोन-चार सेकंदांत येतो. म्हणून भाव फोटोवर छापलेला नाही, तो मजकुरात आहे. आजकाल सगळे भाव, सगळ्या ऑफर रंगीत चित्रात टाकायची पद्धत आहे. दिसायला छान, पण रात्री अकराच्या मेसवाल्याच्या काही कामाची नाही. आमचे फोटो त्यानं वेबपी प्रकारात करून अगदी हलके केले, आणि प्रत्येक फोटोची जागा आधीच राखून ठेवली. नाहीतर काय होतं, नंबर दाबायला बोट टेकवावं तर वर फोटो उतरतो आणि बटण खाली पळतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. आमच्या घरात त्या एका वर्षाच्या दोन्ही आठवणी शेजारी शेजारी आहेत, घागरींची रांग आणि रांगेत उभं राहून फोन बघणारी माणसं. तेव्हापासून आत्याबाई फोनवर कीर्तन ऐकतात, सालगडी पावसाचा अंदाज बघतो, मेसवाल्या वहिनी बोलून संदेश पाठवतात, लिहीत नाहीत. डेटा स्वस्त झाला हे खरं. पण शिवारात रेंजची एकच काडी असते हेही तितकंच खरं आहे, आणि वेबसाइट करणाऱ्यांना ती काडी दिसत नाही कारण ते वायफायखाली बसलेले असतात.

नव्या फॅशनींबद्दल त्या पोरीशी माझ्या बऱ्याच चर्चा झाल्या. ॲपलनं जून २०२५ मध्ये 'लिक्विड ग्लास' म्हणून काचेसारखं पारदर्शक रूप दाखवलं, तेव्हापासून तिच्याकडे येणारी तरुण पोरं तसंच मागतात म्हणे. तिनं मला नमुना दाखवला. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण मागं डाळीचा फोटो आणि त्यावर धूसर काचेत अक्षरं म्हटल्यावर चाळिशी लागलेल्या माणसानं वाचायचं कसं? तीच गोष्ट पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांची. वैशाखात शेतात उभं राहून फोन बघा, ती अक्षरं अस्तित्वातच नसतात. वाचनसुलभतेचा जगभर मानला जाणारा नियम आहे की साध्या आकाराचा मजकूर आणि त्यामागचा रंग यांत किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. आमच्या पानावर गडद तपकिरी अक्षरं आहेत, जवळजवळ काळी, आणि तिनं मला जिन्यातून खाली उन्हात नेऊन ती वाचून दाखवायला लावली.

बटणांचंही तसंच. आयफोनमध्ये २०१३ साली सगळं सपाट झालं, पाठोपाठ सगळ्यांचंच झालं, आणि तेव्हापासून कुठलं दाबायचं आणि कुठलं नुसतं वाचायचं हे कळेनासं झालंय. आमच्या पानावरचं बटण बटणासारखं दिसतं. कडा आहे, खाली सावली आहे, रंग वेगळा आहे, आणि ते पडद्याच्या तळाशी आहे, जिथं अंगठा सहज पोचतो. आकारासाठी गूगल पडद्याच्या मापातली किमान ४८ एककं सांगतं, हिनं त्याहून मोठं ठेवलं. मोंढ्यात पोती उचलणाऱ्या माणसाचा अंगठा आणि ऑफिसात बसणाऱ्याचा अंगठा सारखा नसतो, हे तिला मी सांगावं लागलं नाही.

काळ्या पडद्याबद्दल मात्र आमचं जरा वाजलं. फोन डार्क मोडवर असेल तर पानही काळं व्हावं असं तिनं केलं होतं. रात्री डोळ्यांना बरं वाटतं, मान्य. पण काळ्यावर आमची डाळ भडक पिवळी दिसायला लागली. बिगर पॉलिश डाळ जरा मळकट, फिकीच असते, आणि आमच्या गिऱ्हाइकाची सगळी पारख त्या फिकेपणावरच आहे. पिवळीधमक दिसली की 'रंग मारलाय का हो' हा प्रश्न ठरलेला. शेवटी तिनं पान काळं ठेवलं आणि फोटोमागची चौकट पांढरीच ठेवली. आता दोन्हीकडे डाळ डाळीसारखी दिसते.

पानाचा जीव डाळीच्या भावाच्या पाटीत आहे. सकाळी मोंढ्यातला दर कळला की मी माझ्या फोनवरच्या एका शीटमध्ये आकडा बदलते आणि पानावर तो बदलतो, खाली तारीख आपोआप येते. कुणाला फोन करायचा नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. त्याखाली तिनं माझ्याकडून एक छोटा परिच्छेद लिहून घेतला: क्विंटलभर तुरीतून साधारण ७० किलो डाळ निघते, बाकी चुरी आणि टरफल, २०२५-२६ च्या हंगामाला सरकारचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल आहे, त्यावर भरडाई आणि पिशवी. हे वाचल्यापासून पुण्याची गिऱ्हाइकं घासाघीस कमी करतात, उलट 'यंदा तूर कशी आहे' असं विचारतात.

आकड्यांचा निर्णय मला फार आवडला. भाव मराठी आकड्यात आणि फोन नंबर इंग्रजी आकड्यात. मराठी आकड्यातला नंबर कॉपी करून लावायला गेलं तर बऱ्याच फोनांवर लागत नाही. वेबसाइटच्या पत्त्याचंही तसंच झालं. देवनागरीतला .भारत पत्ता घ्यायची माझी फार इच्छा होती, २०१४ पासून तो मिळतो. तिनं तो फोनवर टाइप करायला लावला आणि मग काही ठिकाणी तो पाठवल्यावर कसा अनोळखी रोमन अक्षरांच्या ओळीत बदलतो ते दाखवलं. शेवटी साधा .इन घेतला.

आणि व्हॉट्सॲप. आमच्या पानावर गूगलवरून येणारे थोडे, बाकी सगळे कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून. आधी ती लिंक पाठवली की नुसती निळी ओळ दिसायची, माणसं फसवणूक समजून दाबायची नाहीत. आता डाळीचा फोटो, आमचं नाव आणि 'आजचा भाव बघा' असं मराठीत उमटतं. नजर अधू झालेले एक निवृत्त गुरुजी आमचे जुने गिऱ्हाईक आहेत. ते फोनची अक्षरं दुप्पट करून ठेवतात. आधीच्या पानावर दुप्पट केलं की मजकूर कडेबाहेर जायचा. या पानावर ओळी मोडून खाली येतात, सगळं वाचता येतं. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं.

आता तक्रारी. महालक्ष्म्यांच्या आधी देतो म्हणाले आणि दसरा उलटल्यावर दिलं. आमच्या विक्रीचा तो मोठा काळ, तो गेला. उशीर होणार हे त्यांना आधी कळलं होतं, मला मात्र मीच विचारल्यावर सांगितलं. हे चुकीचं आहे आणि मी तोंडावर बोलले आहे. दुसरं, लेखी काही देत नाहीत. काय करणार, कधी देणार, नंतरच्या बदलांना किती घेणार, सगळं तोंडी. मी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, तुम्हीही घ्या. तिसरं, पुण्याच्या नव्या पिढीला पानावरच पिशव्या निवडून पैसे भरायचे असतात. त्यांनी ते केलं नाही, 'काकू, तुमचं गिऱ्हाईक बोलून घेतं' म्हणाले. मेसवाल्यांबाबत बरोबर आहे, पुण्याच्या सुनांबाबत नाही. सध्या व्हॉट्सॲपवर ऑर्डर आणि यूपीआयनं पैसे असं चालू आहे, पण मला ती सोय हवी आहे आणि मी मागं लागणार आहे.

पैसे म्हणाल तर आमच्याकडून २२,००० घेतले, अर्धे आधी, अर्धे नंतर. वेबसाइटच्या पत्त्याचं (डोमेन) आणि इंटरनेटवरच्या जागेचं (होस्टिंग) वार्षिक भाडं वेगळं, आणि ते थेट माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर, पासवर्ड माझ्याकडे. हे फार महत्त्वाचं आहे. आधीच्या कंपनीनं पत्ता स्वतःच्या नावावर घेतला होता आणि तो सोडवून घेताना आमचे हाल झाले. कुणाकडूनही काम करून घ्या, पण पहिल्याच दिवशी पत्ता कुणाच्या नावावर घेणार ते विचारा.

जाताना तुमच्या मालाचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून न्या, ते फोटो काढत नाहीत. मजकूर मराठीत लिहून न्या. आणि तुमच्या गिऱ्हाइकातल्या सगळ्यात जुन्या फोनवाल्याला शक्य झालं तर सोबत न्या, ते त्याच्याशीच जास्त बोलतात. सकाळी क्लासच्या पोरांची झेरॉक्सला इतकी गर्दी असते की जिन्यापर्यंत पोचता येत नाही, दुपारी तीननंतर गेलेलं बरं.